मरून राह्यला

"मेला?" मी मोठ्यानं म्हणालो आणि स्टाफरूममधले सगळे डबे जागच्या जागी थांबले. इतिहासाचे रामसिंग सर हातातला घास तसाच धरून म्हणाले, "कोन मेलं गा, धनराज सर?" आता काय सांगणार बाप्पा! सोमला मेला म्हणालो असतो तर लगेच पुढचा प्रश्न, कोणत्या गावचा. आणि सोमला कोणत्याच गावचा नाही. सोमला माझ्या बायकोनं, रीतानं, मनानं रचलेला माणूस. मिठाची पोती लादलेले बैल हाकणारा, एका पायानं लंगडा, तोंडाचा फटकळ. एका खेळातलं तिचं पात्र. "कोनी नाई सर, पुस्तकातलं हाये," मी म्हणालो. त्यांनी घास तोंडात टाकला आणि बाकीच्यांनी डब्यात मान घातली. कॉमर्सचा मास्तर पुस्तक वाचून दचकतो म्हणजे याचं काहीतरी बिनसलंय, हे त्यांच्या जेवण्यातसुद्धा दिसत होतं. माझा उजवा हात मेथीच्या भाजीनं बरबटलेला, डाव्या हातानं मी पुण्याहून आलेलं त्या खेळाच्या नव्या आवृत्तीचं कच्चं छापील बाड उलटत होतो. पान उलटेना, चिकटून बसलेलं. मग उलटलं आणि ते वाक्य परत समोर आलं: 'पहिल्या आवृत्तीत मरून राह्यलेली पात्रे नव्या आवृत्तीत मृत समजावीत.' समजावीत म्हणे! कुणी समजावीत? आणि हे वाक्य कुणी लिहिलंय ते मला विचारायची गरजच नव्हती. 'समजावीत' हा शब्द रीता रागावली की वापरते.

खेळाचं नाव पांदण. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचं, एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि अडचण आली की फासे टाकायचे; फासा पडेल तशी गोष्ट वळते. परदेशात असले खेळ कधीपासून चालतात, राजवाडे आणि अजगर घालून. रीता नाशिकची, कॉलेजात असताना ती असलं काही खेळलेली. लग्न होऊन मंगरूळपीरला आली आणि पहिल्या उन्हाळ्यात दुपारी करायचं काय म्हणून आम्ही दोघांनी आपला खेळ जुळवायला घेतला. राजवाडे आमच्याकडे कुठले? म्हणून पांदण, म्हणजे दोन शेतांमधली चिंचोळी वाट घेतली, जिथे पावसाळ्यात बैलगाडी फसते आणि तिन्हीसांजेला एकटं जायला माणूस कचरतो. मी नियम बसवायचो, ती गोष्टी. भांडण व्हायचं ते शब्दांवरून. ती म्हणायची 'पाळी', मी म्हणायचो 'बारी'. बारीच राहिली. पुण्याच्या एका छोट्या कंपनीनं ते छापलं, मुखपृष्ठावर आमची दोघांची नावं, आणि माझ्या आईनं, गोमतीबाईनं, ते पुस्तक देव्हाऱ्याशेजारी ठेवलं. "खेळाचं हाये ते, आई," म्हणालो, तर म्हणाली, "असू दे. तुयं नाव हाये ना त्याच्यावर."

त्या खेळातला सगळ्यात चांगला नियम बोकडामुळे सापडला. रीताला येऊन महिना झाला असेल. शेजारची मंजूवहिनी धापा टाकत दारात आली, "रीता, अवं बोकड मरून राह्यला वं माया!" रीतानं ते ऐकलं नाशिकच्या कानानं. मरून राहिला. म्हणजे मरून पडलाय, संपला विषय. तिनं वहिनीला हाताला धरून बसवलं, पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं आणि फार मायेनं म्हणाली, "वाईट झालं हो. पण आता आपल्या हातात काय आहे?" मंजूवहिनी तिच्याकडे बघतच राहिली. या पोरीला काळीज आहे की नाही! तिकडे बोकड भिजवलेले चणे खाऊन फुगलेला, पाय झाडतोय, आणि इकडे ही चहात आलं किसतेय. शेवटी आई मागच्या दारानं गेली, गोडेतेलाची बाटली बोकडाच्या नरड्यात रिकामी केली, पोट चोळलं, आणि अर्ध्या तासात तो पठ्ठ्या उठून रीताच्या जास्वंदीला तोंड लावायला आला. "पण तुम्ही तर मेला म्हणालात!" रीता म्हणाली. "मेला कोन म्हनलं? मरून राह्यला म्हनलं!" वहिनी कडाडली. आमच्याकडे मरून राह्यला म्हणजे मरतोय, अजून जीव आहे. रीता हसून हसून खाली बसली, मग हसू विरलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "धनराज, केवढी मोठी गोष्ट आहे ही. तुमच्याकडे मरायलासुद्धा वेळ लागतो." आणि तसा नियम झाला. पात्राला आकड्यांत बळ असतं; ते शून्यावर आलं की पात्र मरत नाही, ते 'मरून राह्यलं'. त्याची पुढची बारी येईपर्यंत ते त्याच अवस्थेत. तेवढ्यात दुसऱ्या कुणीही आपली बारी सोडायची, आपलं काम टाकून त्याच्याकडे जायचं आणि त्याला वाचवायचं. कुणी आलं नाही तर मग गेलं. बस.

आणि तोच नियम तिनं खोडला. का? मला राग यायला हवा होता, आलाही. पण खरं सांगतो, रागाच्या वर कुतूहल होतं. बारावीच्या पोट्ट्यांना मी हेच शिकवतो, विकलेली वस्तू परत कशी विकायची. तास सुटल्यावर मी बाड घेऊन रिकाम्या वर्गात बसलो आणि तिचं डोकं कसं चाललं असेल ते बघू लागलो, जशी मंडळी दुसऱ्याच्या वावरातली पेरणी बांधावरून बघतात. सोयाबीनचं बियाणं आपण घरचं ठेवतो, चांगलं पीक आलं की त्यातलंच पुढच्या मृगाला पेरलं. कपाशीचं तसं चालत नाही. दर वर्षी पाकीट आणा. आमचा पांदण म्हणजे घरचं सोयाबीन. एका टेबलानं एक पुस्तक घेतलं की पाचजण दहा वर्षं त्याच्यावर खेळत बसतात. कंपनीनं काय वारा खाऊन राहायचं? म्हणून नवी आवृत्ती. एका पुस्तकाची तीन केली होती तिनं: खेळणाऱ्याचं वेगळं, सांगणाऱ्याचं वेगळं आणि भुतं-जनावरांचं तिसरं. लुडोचे फासे बाद. आता आठ बाजूंचा फासा, तो कंपनीच्याच डबीत. जुन्या पुस्तकाला कुठेही वाईट म्हटलेलं नव्हतं, उलट प्रस्तावनेत 'तुम्हा सर्वांच्या सूचनांमुळे' वगैरे साखर पेरलेली. जुनी पात्रं नव्या खेळात आणायची सोय ठेवलेली, जुनं गिऱ्हाईक तुटायला नको, पण अर्धीच. आणि बळ शून्य की पात्र मृत. मृत झालं की नवं पात्रपत्र, म्हणजे पात्राची माहिती भरायचा कागद घ्या, त्याची रंगीत गड्डी वेगळी मिळेल. अरे वा! मी बाकावर थाप मारली. इतकं साफ काम मी माझ्या आयुष्यात केलं नव्हतं. आणि मग आठवला सोमला.

रीता पुण्याला गेली त्या रविवारी आम्ही खेळत होतो. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मेहरुन्निसा आपांचं बांगड्यांचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत मोठं टेबल. आपा गोष्ट सांगतात, आणि काय सांगतात! एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर फुलचंदभाऊ, मी आणि रीता खेळणारे. सोमला चिखलात बैलाखाली सापडला, फासा वाईट पडला, बळ शून्य. 'मरून राह्यला,' आपा म्हणाल्या, आणि नेमकी तेव्हाच बाहेर रीताला स्टँडवर सोडणारी रिक्षा आली. कंपनीनं तिला नव्या कामासाठी आठ दिवस बोलावलं होतं. "सोमल्याला जपा," ती पिशवी उचलत म्हणाली, "आल्यावर बघू." आठ दिवसांचे महिने झाले. कंपनीनं तिला ठेवून घेतलं, ती ठेवू देत गेली, आणि आमचं भांडण म्हणावं असं भांडणच झालं नाही. फोनवर जेवलास का, आईचा गुडघा कसा आहे. कामरगावच्या मावशीनं विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "सून पुन्याले जाऊन राह्यली." त्या दिवशी त्याचा अर्थ निघालीये, वाटेत आहे, असा होता. पुढे कधीतरी आईनं तेच वाक्य तसंच्या तसं कुणाला तरी सांगितलं आणि मला ते नाशिकच्या कानानं ऐकू आलं. जाऊन राहिली. तिथेच. आईला त्यातला फरक कळत नव्हता, आणि मला कुठला अर्थ खरा ते विचारायचं धैर्य नव्हतं. टेबलावर मात्र आम्ही सोमल्याला धक्का लावला नाही. रीताची खुर्ची रिकामी, तिची बारी आली की आपा म्हणायच्या, "थे आली का मंग पाहू," आणि पुढे जायच्या. बारी आलीच नाही तर मरण कसं येईल? आमचं डोकं बघा. आम्ही तिघांनी मिळून एका माणसाला दीड वर्ष चिखलात ठेवलं होतं आणि त्याला माया म्हणत होतो. मी तर रविवारी घरी येताना मनाशी म्हणायचो, चला, अजून आहे.

संध्याकाळी दुकानात गेलो तेव्हा आपा शेलूबाजारच्या दोन बायकांना बांगड्या भरत होत्या. गिऱ्हाईक गेल्यावर मी बाड काउंटरवर ठेवलं आणि ते वाक्य दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत वाचलं. "या अल्ला. सोमल्याले मारलं तिनं?"

"छापून मारलं."

"तं मारू द्या ना. आपन जुनंच खेळू. कोनी पोलीस येते का आपल्या टेबलावर?"

तेही खरं. जुनं पुस्तक आमच्याजवळ होतं, घरचं बियाणं. पण सोमला त्या पुस्तकावर जगत नव्हता, तो रीताच्या येण्यावर जगत होता, आणि येणारीनंच लिहून पाठवलं होतं की मृत समजावीत. मी तसं म्हणालो. आपा उरलेल्या हिरव्या बांगड्या दोरीत ओवत राहिल्या. मग म्हणाल्या, "धनराजभाऊ, एक इचारू? थे धंद्यासाठी लिवलं का तुमच्यासाठी?"

"तेच तं समजून नाई राह्यलं, आपा."

"मंग तिलेच इचारा. मायासमोर इचारा, घरी जाऊन इचाराल तं आईचा गुडघा सांगत बसान."

ही बाई मला फार ओळखते. मी फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला, म्हणजे ती वाट बघत होती. हे मला आवडलं आणि आवडल्याचा रागही आला.

"वाचलंस?" रीता म्हणाली. मागे कुठेतरी कपबशा वाजत होत्या.

"वाचलं. तीन पुस्तकं, आठ बाजूंचा फासा. चलाख आहेस."

"आवडलं?"

"कॉमर्सच्या मास्तराला आवडलं. 'मरून राह्यलं' का काढलंस?"

ती उत्तर तयार करून बसली असणार आणि आता ते द्यावं की नाही असं तिला झालं असणार. "सोमवारी छपाईला जातंय," ती म्हणाली, "तुझं नाव आहे वर, तुझा होकार लागतो. म्हणून नीट सांगते. मी इथे आल्यापासून खेळणाऱ्यांना फोन करतेय. सातारा, कोल्हापूर, ठाणे, रत्नागिरी. नवी आवृत्ती काढायची तर लोक जुनी कशी खेळतात ते आधी बघावं लागतं, नाहीतर विकणार काय? आणि धनराज, वऱ्हाडाबाहेर एकाही टेबलावर आजवर कुणी कुणाला वाचवलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ते वाचतात, मरून राहिलं. मेलं. पुढची ओळ, दुसऱ्यानं बारी सोडून वाचवायचं, ती त्यांना छपाईची चूक वाटते. मेलेल्याला कोण वाचवणार? ते दोन मिनिटं गप्प बसतात, काहीजण रडतात, आणि नवं पात्र घेतात. त्यांना हेच आवडतं. पांदण फार कडक खेळ आहे, दयामाया नाही, म्हणून लोक एकमेकांना सांगतात. त्याच्यावर तो विकला गेला. आपण एक खेळ लिहिला आणि महाराष्ट्रानं दुसराच विकत घेतला."

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. समोरून मंगरूळपीर–वाशिम गाडी धूळ उडवत गेली. माझ्या डोळ्यांपुढे टेबलंच टेबलं आली, ठाण्याच्या गच्चीवर, कोल्हापूरच्या हॉस्टेलवर, प्रत्येक टेबलावर कुणीतरी शेवटचे श्वास घेतंय आणि बाकीचे सभ्यपणे मान खाली घालून बसलेत, चहात आलं किसल्यासारखे. आणि एकालाही वाटत नाही की उठावं. नवल वाटलं मला, अगदी लहान पोरासारखं. इतकी वर्षं, इतके लोक, एका क्रियापदापायी. "मग आमचंच चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं नाही. ते तुमचं आहे, एवढंच. बाहेर चालत नाही." मग तिचा आवाज जरा बदलला. "मला सांगायला लाज वाटते, पण तसं वाचणारी पहिली मीच ना. म्हणून तर मला ते लगेच कळलं. कंपनीत मला शाबासकी मिळाली."

"आणि सोमला?"

"सोमला काय?"

"तोही मृत समजायचा?"

ती हसली. "अरे, तो तर कधीचा... म्हणजे? तो अजून तसाच आहे?"

"तसाच. तू आल्यावर बघू म्हणाली होतीस."

फोनमध्ये कपबशांचा आवाज थांबला. ती बहुतेक उठून दुसरीकडे गेली. "दीड वर्ष?" ती म्हणाली. "धनराज, दीड वर्ष तुम्ही त्याला तसाच ठेवलात?"

"तुझी बारी आली नाही ना. बारी आली नाही तर तो मरत नाही." मी हे जरा अभिमानानंच सांगितलं.

"पण बारी माझी लागतच नाही रे त्याला वाचवायला! तुमच्यातल्या कुणीही उठायचं होतं. तूच लिहिलायस नियम. दुसऱ्यानं आपलं काम टाकून जायचं." तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "तुम्हाला तर वाक्य बरोबर वाचता येत होतं. सगळ्या महाराष्ट्रात तुम्हा वऱ्हाडी माणसांनाच. कुणीच नाही उठलं?"

मी आपांकडे बघितलं. त्यांना पलीकडचं ऐकू येत होतं. त्यांनी बांगड्यांची दोरी खाली ठेवली आणि डोळे वळवले. आपलं काम टाकून जायचं. कॉलेज, आई, रविवारचं टेबल, सगळं जागच्या जागी ठेवून मी विचारत होतो की ती कधी येते. ती काय करते, कुठे जेवते, ते फोन करकरून काय ऐकते, तिची खोली कशी आहे, तिला तिथे का बरं वाटतं, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मघाशी वर्गात तीन तास तिचं डोकं वाचत बसलो तेवढंच.

"नाही उठलं," मी म्हणालो.

"मग मी काय वाईट केलं?" ती अगदी हळू म्हणाली. "छापू दे."

"छाप," मी म्हणालो. "माझं नाव राहू दे, मृत लिही. लोकांनी तेच घेतलंय तर तेच दे." आणि ती काही बोलायच्या आत म्हणालो, "रीता, मी पुण्याला येतो. उद्या निघतो."

रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं.

"ये," ती म्हणाली. "पण न्यायला येऊ नकोस."

"नाही."

"खरंच नाही?"

"नाही येत न्यायला."

"मग ये. गाडीत बसलास की सांग." आणि तिनं फोन ठेवला. मी तो कानालाच धरून बसलो, मग खिशात टाकला, मग परत काढून बघितला, उगाच.

आपा काउंटरच्या फळीखालून वाकून बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "काय म्हने? येते का थे?"

"थे नाई येत. मी जातो."

"आनाले?"

"नाई, आपा."

"आनाले नाई, तं मंग कायले चालले येवढ्या दूर?"

"पाहाले," मी म्हणालो.

त्यांनी तोंडावर पदर धरला, पण हसू आवरेना. "मायबाई! लग्नाले सात वर्स झाले अन् आता पोरगी पाहाले चालले?"

"हाव," मी म्हणालो. "तवा घाईघाईत पाह्यली होती."